पंधरा तिथींचा कागद

मे महिना लागला की आमच्या वर्तकनगरच्या घराची बेल संध्याकाळी हमखास वाजते. दार उघडावं तर समोर कुणाची तरी आई, तिच्यामागे दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी नाहीतर मुलगा, आणि हातात कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासचं गुळगुळीत माहितीपत्रक. सरबत संपेपर्यंत उकाड्याच्या गप्पा होतात. मग ग्लास खाली ठेवत विषय निघतो, "ताई, तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात ना, म्हणून म्हटलं विचारावं. हिला कोणता कोर्स लावू?" मुलगी तोवर पंख्याकडे बघत असते. तिला काय आवडतं हे तिला विचारलं तर आईच उत्तर देते.

यंदा तर विचारूच नका. शतक संपायला आलंय आणि स्टेशनपासून नाक्यापर्यंत एक भिंत मोकळी राहिलेली नाही. तीन महिन्यांत प्रोग्रॅमर, सहा महिन्यांत परदेशी. त्यात वर्तमानपत्रांनी उठवलंय की दोन हजार साल लागलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार. आमच्या ऑफिसात सध्या तेच काम चालू आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेत, ते आम्ही शोधून शोधून चार करतोय. यंत्राचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला माणसाने अर्धंच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या माझ्या शाळेतून फोन आला. दहावी दिलेल्या मुलांशी कॉम्प्युटरच्या शिक्षणाबद्दल बोलायला याल का, म्हणून. हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. गणित पक्कं करा, इंग्रजीला घाबरू नका, जाहिरातींना भुलू नका. एवढं लिहिलं, वाचलं, आणि मलाच जांभई आली. यातलं एकही वाक्य मला कुणी सोळाव्या वर्षी सांगितलं असतं तर मी लक्षात ठेवलं नसतं. मला जे लक्षात आहे त्याला खाडीच्या चिखलाचा वास येतो.

मी कोपरची. म्हणजे स्टेशनच्या बाजूला आता इमारतींची गर्दी दिसते त्या कोपरची नव्हे, तिथून खाली खाडीकडे उतरलं की लागायचं त्या वस्तीची. बाबांची छोटी होडी होती, खाडीतच जाळं टाकायचे. आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. मी दहावीला बसले ते ऐंशीचं दशक सरता सरता. आमच्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे परीक्षा संपल्या दिवसापासून सल्ला द्यायला सगळी आळी पुढे. त्यात आघाडीवर माझा मामा. तो रेल्वेच्या यार्डात नोकरीला होता, मनगटावर घड्याळ बांधायचा आणि आमच्याकडे त्याचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. "कॉमर्सला टाक हिला," तो आईला सांगायचा, "आणि जोडीला टायपिंग, शॉर्टहँड. मशीन बदलेल गं, टायपिस्टला मरण नाही." आज आठवलं की हसू येतं. पण त्याची चूक नव्हती. त्याने पाहिलेल्या जगात सगळ्यात सुखी बाई टायपिस्टच होती, पंख्याखाली बसणारी.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच शिरलं होतं, आणि ते शिरायला मासळीच कारण झाली. गुप्ते सर हे आईचं पक्कं गिऱ्हाईक. कोळंबी निवडून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या घरातल्या एका खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. एक दिवस आईने तागडी हातात धरूनच त्यांना विचारलं, "सायब, माज्या पोरीला शिकवाल ते?" सर म्हणाले, "पाठवून दे." कॉम्प्युटर म्हणजे काय ते आईला ठाऊक नव्हतं. शिकवतात म्हणजे चांगलंच असणार, एवढा तिचा हिशोब.

त्या खोलीत गावातला पहिला गारवा मी अनुभवला. बाहेर मेचं ऊन, दाराशी चपलांची रांग, आणि आत पडदे ओढून गार केलेली खोली. पायांना धूळ असेल तर आधी मोरीवर जायचं. दोन यंत्रं, आणि आम्ही दहाजण. मी निघण्याआधी लिंबाच्या फोडीने हात चोळायची, कोपरापर्यंत. तरी पहिल्या दिवशी शेजारची मुलगी जरा सरकून बसली. मला ते लागलं, अजूनही आठवलं की लागतं. पण सरांचा एक नियम होता आणि त्याने मला वाचवलं. प्रोग्रॅम आधी कागदावर चालवून दाखवायचा. चौकटीच्या वहीत रकाने आखायचे, कशाची किंमत कुठल्या पायरीला काय होते ते एकेका ओळीत लिहीत जायचं, आणि उत्तर बरोबर आलं तरच यंत्रापाशी पंधरा मिनिटं. "कीबोर्डला हात लावण्याची घाई नको," सर म्हणायचे, "जे तुझ्या पेन्सिलीला जमत नाही ते त्यालाही जमणार नाही." वही आणि पेन्सिल माझ्याकडेही होती. आठ दिवसांत शेजारची मुलगी माझे रकाने बघायला परत सरकून आली.

मला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. तंत्रनिकेतनाचा फॉर्म मी आणून कॉमर्सच्या फॉर्मवर ठेवला. देवघराच्या फळीवर दोन्ही फॉर्म एकावर एक पडून होते, निकाल लागला की एकावर बाबांची सही व्हायची होती. मामा आला की त्याचा वर ठेवून जायचा. तो गेला की मी माझा.

बाबा फारसे बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी जाळं दुरुस्त करता करता त्यांनी विचारलं, "बाय, ते मशीन कं करतं?"

"आपण सांगू ते सगळं करतं."

"सगलं?"

"सगळं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मंग त्याला इचार, भरती कवा येल. बरोबर बोललं तर तू बोलशील त्या फारमावर सही करतो. नाय बोललं, तर मामा सांगतो ते शिक."

मी एका पायावर तयार झाले. भरतीची वेळ बाबांनाच विचारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं, पण परीक्षा घेणाऱ्यालाच उत्तर कसं विचारणार? होडीत मुलींना कधी नेत नसत, त्यामुळे बाबा भरती ओळखतात कशी ते मला माहीत नव्हतं. ते नुसतं चिखलाकडे बघायचे आणि वल्हं उचलायचे. माझ्या नशिबाने त्याच आठवड्यात आत्या आणि आतोबा आळीतल्या एका लग्नाला आले. आत्या वसईकडच्या किनाऱ्यावर दिलेली. आतोबांनी मला नियम सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा. इतका सोपा, इतका सुंदर नियम मी शाळेच्या गणितातही पाहिला नव्हता. मला वाटलं, हा तर मुद्दाम कॉम्प्युटरसाठीच केलेला आहे.

वहीत रकाने आखून सरांना दाखवलं. सरांनी विचारलं, "पंचमीला किती?"

"तीन पूर्णांक पंच्याहत्तर."

"छान. आता हे मला घड्याळात दाखव."

दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांकाची मिनिटं करून आणली. पावणेचार. सर खूश झाले. त्यांनी स्वतः आईजवळ निरोप दिला, वडिलांना घेऊन या.

बाबा आले ते पांढरा सदरा घालून. चपला रांगेच्या जरा बाजूला काढल्या, सांगायच्या आत मोरीवर पाय धुतले, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. सर त्यांना "या, असे नीट बसा," म्हणाले तरी हलले नाहीत. पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न आला, तिथी कोणती. त्या दिवशी पंचमी होती. मी पाच टाकले. उत्तर आलं, तीन वाजून पंचेचाळीस. खोलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"समिंदराचं बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "आपलं नाय. पानी तिकरून निंगतं, कोपरला येयाला त्याला टायम लागते. पावनेचारला होरी लोटली तर चिखलान रुतंल." मग सरांना नमस्कार करून ते उठले आणि चपला घालून निघून गेले.

मी मोरीत जाऊन रडले. खाडीकाठी जन्मलेली मुलगी, आणि मी समुद्राचा नियम खाडीला लावला. मला राग बाबांचा आला, आतोबांचा आला, यंत्राचा तर फारच आला. सर दाराशी येऊन म्हणाले, "तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे."

"मग चुकलं काय?"

"तुला खाडी माहीत नाही." आमच्याच खाडीची कोळंबी खाणारे गुप्ते सर मला हे सांगत होते. रडणं तिथल्या तिथे थांबलं.

निकालाला अजून अवकाश होता. घरी जाऊन बाबांना म्हटलं, मला आणखी एक संधी द्या. ते म्हणाले, "पानी कं पलून जातं?" त्यांच्या भाषेत ते हो होतं.

पुढच्या प्रतिपदेपासून मी खाडीवर बसायला लागले. एक बांबू चिखलात रोवला, डोक्यावर आईची जुनी छत्री, मांडीवर चौकटीची वही. वेळ बघायला घड्याळ हवं होतं. ते अख्ख्या घरात नव्हतं. मामाला कळलं तेव्हा तो माझी टर उडवायला म्हणून काठापर्यंत आला. "पोरगी कॉम्प्युटर शिकते की खेकडे धरते?" म्हणाला. बराच वेळ उभा राहिला. मग मनगटावरचं घड्याळ सोडून त्याने माझ्या वहीवर ठेवलं. "चावी सकाळी द्यायची. पाण्यात पाडू नको," एवढंच बोलला आणि गेला.

पंधरा दिवस मी पाणी चढताना बघितलं. आधी दुपारी, मग रोज थोडं पुढे सरकत संध्याकाळी, आणि सप्तमीला तिन्हीसांजेला घरी आलेली मी अष्टमीला सकाळीच परत काठावर. वर्षानुवर्षं जे दारात होतं ते मी पहिल्यांदा बघत होते. पाणी आधी चिखलातल्या भेगांतून येतं. मग निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत वर सरकतात. तिवरांची मुळं एकेक करून बुडतात. शेवटी काठावरचा कचरा जागच्या जागी डुलायला लागतो, ना वर जात ना खाली, तीच भरती. ती काही मिनिटं खाडी अगदी गप्प असते. मी घड्याळ बघून आकडा लिहायची. मान भाजून निघाली होती. बाजारातून परतताना आई रिकामी पाटी घेऊन वाट वाकडी करून यायची, एक काकडी हातावर ठेवायची आणि म्हणायची, "बाय, उनान काली परशील." पण घरी चल असं एकदाही म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी गेले तर बांबू जागेवर नव्हता. चार हात पुढे, जिथे पाण्याची मुख्य धार लागते तिथे, तो घट्ट रोवलेला होता आणि त्यावर कोयत्याने सारख्या अंतरावर खाचा पाडल्या होत्या. मी रोवलेल्या जागी पाणी उशिरा पोचत होतं, माझे तिन्ही आकडे चुकीचे होते. ते मी खोडले. बांबू कुणी हलवला ते घरात मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. खोडलेल्या तीन तिथी पुढच्या पंधरवड्यात भरून काढल्या.

मला वाटलं होतं, समुद्राच्या वेळेत ठरावीक मिनिटं मिळवली की झालं. तसंही नव्हतं. उधाणाचं पाणी वेगळ्या चालीने यायचं, अष्टमीच्या सुमारास कमी चढणारं भांगाचं वेगळ्या. दर तिथीचा उशीर निराळा. माझा सुंदर नियम मोडला आणि वहीत पंधरा वेडेवाकडे आकडे उरले. मी सरांपुढे वही टाकली. म्हटलं, यात नियमच नाही. सर म्हणाले, "मग पंधराही आकडे त्याला सांगायचे. तेही शिकवतो." त्या दिवशी मी यंत्राला यादी द्यायला शिकले. पुस्तकात ते प्रकरण बरंच पुढे होतं.

बाबा दुसऱ्यांदा क्लासला आले नाहीत. "मशीन पानी बघाया येते का? मंग मी कनाला जाऊ? कागद आन." सरांनी छापून दिला. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला तो लांब कागद, डावीकडे तिथी, उजवीकडे आमच्या कोपरच्या भरतीची वेळ. त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. कागद म्हणत होता, चार वाजून चाळीस मिनिटं.

निकाल लागला होता, पेढे वाटून झाले होते, आणि फॉर्म भरायचे दोनच दिवस उरले होते. बाबा, मामा आणि मी काठावर उभे होतो. चार वाजून पस्तीस झाले तेव्हा पाणी सातव्या खाचेला होतं आणि चढतच होतं. चाळीस झाले. मामाने घड्याळ पुढे केलं. पाणी अजून चढत होतं. मी मनात म्हणत होते, थांब, थांब ना आता. त्याने कुणाचं ऐकलंय? मग काठाशी अडकलेली एक नारळाची करवंटी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"चार पंचेचाळीस," मामा म्हणाला. "पाच मिनिटं चुकलं."

मी मान खाली घातली.

"पाच मिन्टं तं मी बी चुकतो," बाबा म्हणाले. "फारम आन."

मी पळत घरी गेले. फळीवर मामाचा फॉर्म वर होता. उलट्या ठेवलेल्या होडीवर माझा फॉर्म पसरून बाबांनी सही केली, एकेक अक्षर जुळवत, आणि पेन मामानेच खिशातून काढून दिलं.

हे सगळं त्या शाळेतल्या मुलांना सांगायचं ठरवलं आणि तो कागद दाखवायला हवा म्हणून गेल्या रविवारी कोपरला गेले. बाबांनी तो तेव्हापासून दाराच्या आतल्या बाजूला डकवून ठेवलाय. धुराने पिवळा पडलाय, कडांच्या पट्ट्या केव्हाच गळून गेल्या. इतकी वर्षं मी येता-जाता तो बघते, माझा पहिला प्रोग्रॅम म्हणून मनातल्या मनात मिरवतेसुद्धा. यावेळी सुटा करून हातात घेतला, उजेडात धरला. प्रत्येक वेळेपुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. बरोबरच्या खुणा. खूप होत्या, एकावर एक. आणि मग त्यांच्या पुढे आकडे. पाच. दहा. दहा. वीस.

"बाबा, हे काय?"

"किती चुकते ते," ते सहज म्हणाले. "तिकरं भराव घातला. पूल झाला. गाल साचला. आता पानी उशिरा येतं. कागद जुना झाला तुजा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू हापिसान दुनियेचं साल बरोबर करतंस," बाबा हसले. "म्हटलं, घरचं पन करशीलच कवातरी."

काल शाळेत बोलले. हॉल तोच, पंखेही तेच. मी सगळं सांगितलं, तीन पूर्णांक पंच्याहत्तरला मुलं खूप हसली. शेवटी एक मुलगी उठली, दोन वेण्या, हातात तेच गुळगुळीत माहितीपत्रक. "मॅडम, पण नक्की कोणता कोर्स केला की झालं?"

मी तिला म्हटलं, "कुठलाच केला की झालं असं होत नाही. आज जी भाषा शिकशील ती दहा वर्षांत कुणी वापरत नसेल, मी शिकलेली आता कुणी वापरत नाही. कोर्स चांगला बघून कर, रकाने आखून कर. पण त्याआधी मला सांग, अशी कुठली गोष्ट आहे जी तू स्वतः पंधरा दिवस उन्हात बसून बघशील?" ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "आमचं पिठाच्या गिरणीचं दुकान आहे. पट्टा नेमका कधी तुटतो ते बाबांना आवाजावरून कळतं. मला नाही कळत." मी तिला माझ्या शेजारी बसवून घेतलं. माहितीपत्रक तिने दप्तरात टाकलं, फेकलं नाही, ते योग्यच केलं.

कागद मी बाबांना परत दिलेला नाही. तो माझ्या टेबलावर आहे, बाजूला नवी चौकटीची वही. मामा आता निवृत्त आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, घड्याळ चालू आहे, घेऊन जा. ऑफिसात रजेचा अर्ज दिलाय, पंधरा दिवसांचा. साहेबांनी विचारलं, ऐन गर्दीत, आणि काम काय? म्हटलं, एक जुना प्रोग्रॅम दुरुस्त करायचाय.

येत्या प्रतिपदेला समुद्रात पाऊण वाजता भरती आहे. आमच्या कोपरला किती वाजता, ते मला आता माहीत नाही.